डाळिंबावरचे दोन शिंजीर : ओळखायचे कसे, आणि ओळखून फायदा काय



आंबे बहाराची कळी निघायला लागली की दरवर्षी मला कुणाचा तरी फोटो येतो. डाळिंबाच्या फुलावर बसलेला बोटाएवढा काळा पक्षी, आणि खाली लिहिलेलं असतं, "तात्या, बागेत हमिंगबर्ड आलाय." यंदा फोटोच्या मागोमाग दुसरा मेसेज आला. "हाच कळ्या पाडतोय. झाडाखाली सडा पडलाय. काय मारू?" पोरगा शेजारच्या वाडीतला, त्याचा पहिलाच बहार. औषधाच्या दुकानात जायच्या आधी त्यानं विचारलं हे बरं झालं. असाच प्रश्न अजून बऱ्याच जणांना पडत असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तो हमिंगबर्ड नव्हे. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत, पण सगळ्या अमेरिका खंडातल्या. वर अलास्कापासून खाली दक्षिण टोकापर्यंत. आपल्या देशात रानात एकही नाही. आपल्या बागेत येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. आमच्याकडं म्हातारी माणसं त्याला नुसतं फुलचुखी म्हणतात. दोघांची चोच बारीक, वाकडी, सुईसारखी. दोघं फुलातला मध पितात. पण नात्यानं एकमेकांच्या जवळ नाहीत. हमिंगबर्ड पाकोळ्यांच्या गोतातला, शिंजीर चिमण्यांच्या बाजूचा. काम एकसारखं असलं की अवजारही एकसारखं होतं, तसं हे झालंय. फरक बघायचा असेल तर बसण्याची तऱ्हा बघा. हमिंगबर्ड हवेत एका जागी उभा राहून पितो, उलटासुद्धा उडतो. शिंजीर घडीभर फडफडतो, पण त्याला पाय टेकायला काडी लागते. बहुतेक वेळा तो फुलाशेजारी बसूनच, मान वाकडी करून पितो.

आणि संध्याकाळी अंधार पडताना फुलासमोर हवेत थांबून लांब सोंड आत घालणारं जे दिसतं ना, तो पक्षीच नाही. तो पतंग. नीट बघितलं तर डोक्यावर मिशा दिसतात. रताळ्याच्या वेलावर शेपटाला शिंग असलेली जाडजूड अळी तुम्ही पाहिली असेल, तिचं मोठेपण म्हणजे असाच एक पतंग.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडं मळ्यात नेहमी दिसणारे शिंजीर दोन. एक जांभळा शिंजीर. दुसरा जांभळ्या पाठीचा शिंजीर, त्याला पंचरंगी शिंजीर असंही म्हणतात. नावानंच घोटाळा होतो, कारण दोन्हीत जांभळं आहे. म्हणून मी पोरांना सांगतो, पुस्तकातलं नाव नंतर पाठ करा. आधी पोट बघा.

नर ओळखणं

पोट, छाती, पाठ सगळं काळं दिसलं तर तो जांभळा शिंजीर. लांबून कोळशासारखा दिसतो. ऊन अंगावर पडलं की निळा-जांभळा झळकतो. हा रंग पिसात भरलेला नसतो, पिसाच्या बारीक बांधणीवरून उजेड परततो त्याचा तो खेळ असतो. पाण्यावर डिझेलचा थेंब पडला की कसे रंग फिरतात, तसंच. म्हणून तोच पक्षी एका फांदीवर काळा आणि दुसऱ्या फांदीवर निळा दिसतो. रंगावरून दोन पक्षी मोजू नका. हंगामात नर मादीपुढं पंख फुलवून नाचतो, तेव्हा काखेत पिवळ्या-केशरी पिसांचा झुबका दिसतो. एरवी तो झाकलेला असतो.

पोट पिवळं दिसलं आणि वरचं अंग गडद दिसलं तर तो पंचरंगी. गळा जांभळा, खाली छातीवर तांबूस-काळपट पट्टा, आणि त्याच्याखाली एकदम पिवळं पोट. पाठ गडद तांबूस. डोक्यावर आणि खांद्यावर हिरवी झळक, आणि शेपटीच्या वर कमरेपाशी जांभळी. नावातली पाठ ती हीच, पण ती दिसायला पक्ष्यानं पाठ करून बसावं लागतं आणि वर ऊनही लागतं. पिवळं पोट मात्र सावलीतही दिसतं. काळ्या नराचं पोट कधीच असं स्वच्छ पिवळं आणि वर छातीला आडवा पट्टा असं नसतं.

मादी ओळखणं

खरी अडचण इथं. दोन्हीच्या माद्या मातकट, वरून तपकिरी-हिरवट, खालून पिवळसर. घाईत दोन्ही एकच वाटतात. इथं गळा बघायचा.

काळ्याची मादी गळ्यापासून पोटापर्यंत एकसारखी फिकट पिवळी असते. डोळ्यातून गडद रेघ गेलेली असते आणि तिच्यावर फिकट भुवई.

पंचरंगीच्या मादीचा गळा पांढुरका-राखाडी असतो, पिवळेपणा छातीपासून सुरू होतो आणि कडेला, बगलेखाली परत पांढुरकं. म्हणजे पांढरं, पिवळं, पांढरं. भुवई असली तरी पुसट.

दुर्बीण नसली तरी चालतं. मोबाईलवर फोटो काढा, मोठा करा, आणि फक्त हनुवटीपासून छातीपर्यंतचा भाग बघा. बाकी काही बघू नका.

तिसरा वाटतो तो कोण?

पावसाळा सरल्यानंतर थंडीपर्यंत एक विचित्र पक्षी दिसतो. अंग मादीसारखं मातकट-पिवळं, पण गळ्यापासून पोटाकडं मधोमध एक काळी उभी रेघ, जशी कुणी शाईनं ओढलीय. खांद्यावर थोडी निळी चमक. पुष्कळांना ही तिसरी जात वाटते. ती तिसरी नाही. तो जांभळ्या शिंजिराचा नरच. विणीचा हंगाम संपला की तो आपला काळा पोशाख उतरवतो आणि साध्या कपड्यात राहतो. परत हंगाम जवळ आला की पिसं बदलायला लागतात. तेव्हा अर्धा काळा अर्धा पिवळा असा ठिगळं लावल्यासारखा नर दिसतो. आजारी आहे म्हणून घाबरू नका.

पंचरंगीचा नर असं करत नाही. तो बाराही महिने त्याच रंगात असतो. म्हणजे दिवाळीच्या सुमारास गळ्यावर उभी काळी रेघ दिसली तर डोळे मिटून सांगा, जांभळा शिंजीर.

अमेरिकेतल्या लोकांचीही हीच गत आहे बरं का. तिथं माणिकासारख्या लाल गळ्याचा एक हमिंगबर्ड आणि काळ्या हनुवटीचा दुसरा. नर ओळखू येतात, तेही गळ्यावर ऊन पडलं तर. सावलीत दोन्ही गळे काळे. माद्या तर इतक्या सारख्या की तिथले जाणकार पंखाच्या टोकाची पिसं बघतात, नाहीतर हवेत थांबताना कोण शेपटी जास्त हलवतो ते बघतात. तिथंही रंगावर भरवसा ठेवून भागत नाही, वागणं बघावं लागतं.

कुठं कोण जास्त

शास्त्रीय नावात पंचरंगीला झेलोनिका म्हणतात, म्हणजे सिलोनची. लिनियसनं १७६६ मध्ये हे नाव दिलं. हा पक्षी मुख्यत्वे आपला दक्षिणेकडचा भारत, श्रीलंका आणि बांगलादेश एवढ्यातच. काळ्याला एशियाटिकस म्हणतात. तो पश्चिमेला इराणच्या बाजूपासून पूर्वेला व्हिएतनामपर्यंत पसरलेला. यावरून स्वभाव कळतो. काळा माळरानातल्या बाभळी-बोरीतही तग धरतो. पंचरंगीला जरा हिरवळ, बागा, घराजवळची झाडं जास्त मानवतात. आमच्या जुन्नर भागात पाटाच्या कडेला दोन्ही एकाच शेवग्यावर दिसतात, पण वर डोंगराच्या उजाड बाजूला काळाच जास्त भेटतो.

कोकणातल्या मित्रांनी एक ध्यानात ठेवावं. तुमच्याकडं काळ्यासारखाच अजून एक शिंजीर असतो, त्याची चोच चांगलीच लांब आणि जास्त वाकडी असते, छातीला तांबूस पट्टा असतो आणि पोट तपकिरी काळं दिसतं. तो वेगळा. नुसतं काळं बघून जांभळा शिंजीर लिहू नका.

आता कळीगळ

पोराच्या बागेत मी जाऊन आलो. झाडावर काळा नर होता, त्याची मादीही होती. फुलात चोच घालत होते हे खरं. पण खाली पडलेली फुलं आम्ही दोघांनी गोळा केली आणि दोन ढीग लावले.

डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात हे जुन्या बागायतदारांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगतो. एक फूल घंटेसारखं. देठाकडं निमुळतं, आतला स्त्रीकेसर आखूड. याला आपण नर फूल म्हणतो. याचं फळ होत नाही, ते आपोआप गळतं. दुसरं फूल सुरईसारखं. बुडाशी फुगीर, स्त्रीकेसर लांब, वर आलेला. सेटिंग याचंच होतं. पडलेल्या सड्यात जवळपास सगळी घंटेची फुलं निघाली. म्हणजे झाड आपलं नेहमीचं काम करत होतं आणि नाव पक्ष्यावर जात होतं. पक्षी दिसतो, झाडाच्या पोटातलं दिसत नाही, त्यामुळं असं होतं.

सुरईची फुलं आणि बारीक सेटिंग झालेली फळं पडत असतील, तर मात्र काळजी करा. पण तेव्हाही आधी पाणी बघा. ताण तोडताना एकदम जास्त पाणी गेलं का, नत्र जास्त झालं का, फुलकिडे आहेत का, देठावर बुरशीचा डाग आहे का. फूल पांढऱ्या कागदावर झटकून बघा, फुलकिडे असले तर कागदावर पळताना दिसतात. हे सगळं बघून झालं की मग पक्ष्याकडं या. पक्ष्यानं टोचलं असेल तर त्याची खूण फुलावर सापडली पाहिजे. जास्वंदीसारख्या मोठ्या फुलाला शिंजीर कधी कधी बुडाशी बाहेरून भोक पाडतो आणि मध चोरतो. ते भोक डोळ्यानं दिसतं. भोक नाही तर आरोपही नाही.

शिंजीर सगळाच पुण्यवान असं मी सांगत नाही. आंब्यावरच्या बांडगुळाच्या नळीसारख्या फुलांचं परागीभवन हेच पक्षी करतात, आणि त्याची फळं खाऊन बी फांदीवर चिकटवायचं काम फुलटोच्या करतो. तो अजून छोटा, चोच आखूड. बांडगूळ काढायचं ते आपणच, फुलं यायच्या आत फांदीसकट. काळा शिंजीर पिकलेल्या द्राक्षाचा रस पितो हेही खरं. पण त्याच्या चोचीत मणी मावत नाही. घड ओरबाडणारे पोपट, मैना आणि बुलबुल वेगळे. ज्यानं जेवढं केलं तेवढंच त्याच्या नावावर लिहावं.

दुसऱ्या बाजूला हेही बघा. हे पक्षी नुसत्या मधावर जगत नाहीत. बारीक किडे आणि कोळी खातात, आणि पिल्लांना तर तेच भरवतात. मधावर पिल्लू वाढत नाही, त्याला मांस लागतं.

ओळखून फायदा काय?

आता कुणी विचारेल, तात्या, काळा असो नाहीतर पिवळा, आपल्याला काय करायचंय? फायदा घरट्यात आहे.

दोघांचं घरटं एकसारखं असतं. फांदीच्या टोकाला लोंबणारी छोटी पिशवी. गवत, काड्या, साली, अळ्यांची विष्ठा असलं काय काय कोळ्याच्या जाळ्यानं गुंडाळलेलं. बाजूला तोंड, आणि जांभळ्या शिंजिराच्या घरट्याला तोंडावर बहुतेक वेळा छज्जासारखं पुढं आलेलं असतं. लांबून बघितलं तर वाळका कचरा अडकलाय असंच वाटतं. त्यामुळंच छाटणीला आलेली माणसं ते झटकून टाकतात. कोणाचं आहे हे घरट्यावरून सांगणं कठीण. आत जाणाऱ्या मादीचा गळा बघायचा, पांढुरका की पिवळा.

काळा आपल्याकडं मुख्यत्वे उन्हाळ्यात, पावसाच्या आधी वीण करतो. आणि नेमकी तेव्हाच द्राक्षाची खरड छाटणी येते, बांधावरची झुडपं साफ होतात, शेवगा छाटला जातो. एप्रिलमध्ये ज्याची कात्री चालते त्याच्या हाताखाली बहुतेक काळ्याचंच घरटं येतं. पंचरंगी मात्र वर्षात कधीही घरटं करतो, दोनदासुद्धा. घराच्या पडवीत, मोटरच्या शेडमध्ये लोंबणाऱ्या वायरीला किंवा दोरीलाही बांधतो. त्याच्यासाठी एक महिना सांभाळून भागत नाही, कधीही छाटणी करायची तर आधी फांदी बघावी लागते. म्हणून कोण आहे हे कळलं की कधी सांभाळायचं हेही कळतं.

अंडी बहुतेक दोन असतात. पंधरा-सोळा दिवस उबवणं, पुढं साधारण तेवढेच दिवस पिल्लं घरट्यात. म्हणजे एका फांदीला महिनाभर हात लावायचा नाही, एवढंच. एका फांदीनं आपलं उत्पन्न बुडत नाही. मजुरांना सकाळी काम सुरू करायच्या आधीच सांगायचं आणि फांदीला लाल कापडाची चिंधी बांधायची. आमच्याकडं आता छाटणीला येणाऱ्या बायका मला विचारतात, "तात्या, चिंधी कुठं हाय?" आणि ती फांदी सोडून पुढं जातात.

काही गोष्टी पाळायच्या

एक. पक्ष्यासाठी कुठलंही औषध नसतं. कुणी दुकानदार हळूच पुडी देत असेल तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यात हा पक्षी संरक्षित आहे. मारला तर गुन्हा.

दोन. फुलोऱ्यात कीटकनाशक मारायची वेळ आलीच तर आधी किडीची संख्या बघा, आणि सकाळी मधमाशी फुलावर असताना पंप सुरू करू नका. डाळिंबाचं सेटिंग माशीवर चालतं. माशी वाचली की त्याच फुलावर येणारा शिंजीरही थोडाफार वाचतो. घरटं असलेल्या झाडाच्या अंगावर थेट फवारा सोडू नका.

तीन. द्राक्षाला जाळी लावली तर ताणून लावा. सैल, लोंबती, बारीक नायलॉनची जाळी यांना दिसत नाही, पाय आणि पंख गुंततात. सकाळ-संध्याकाळ एक चक्कर मारा. अडकलेला दिसला तर ओढू नका, कात्रीनं धागा कापा. जाळी परत शिवता येते.

चार. हंगामात नर मोटरसायकलच्या आरशावर टोचा मारतो. आरशात त्याला दुसरा नर दिसतो आणि तो आपली हद्द राखतो. दिवसभर असं करून दमतो. आरशावर पिशवी नाहीतर सॉक्स चढवा, काम झालं.

पाच. बांधावर पांगारा, शेवगा, काटेसावर, एखादं जास्वंद, यातलं काहीतरी राहू द्या. बागेत फूल नसतं तेव्हा यांना तिथं पोट भरता येतं.

पोरानं त्या दिवशी औषध आणलं नाही. पाणी मात्र कमी केलं, कारण ड्रिप गरजेपेक्षा जास्त चालत होतं, ते ढीग लावताना बोलण्यात निघालं. सुरईची फुलं आता धरलीत. नर फुलं अजून गळतायत, ती गळणारच.

तुमच्या बागेत कुठला आहे ते जरूर कळवा. सोबत गाव, पीक आणि महिना लिहा. फोटो गळा आणि पोट दिसेल असा, समोरून काढलेला हवा, नुसत्या पाठीच्या फोटोवरून मी नाव सांगणार नाही. आणि घरट्याचा फोटो काढायचा तर लांबूनच काढा, फांदी वाकवू नका, दोन मिनिटांत तिथून निघा. मादी शेजारच्या झाडावर तोंडात किडा धरून तुम्ही जायची वाट बघत असते.